नाचणीचे सत्त्व, भाजणी आणि ओठ मिटून बसणारी लेक : शहापुरातील एका घरगुती दुकानाबद्दल

बेळगावच्या शहापूर भागातील खडेबाजारामागच्या एका बोळात, जुन्या घराच्या सोप्यातच हे दुकान मांडलेले आहे. समोर लाकडी कट्टा, कट्ट्यामागे झाकणाचे पत्र्याचे मोठे डबे, कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आणि भिंतीला चिकटवलेला क्यूआर कोड, एवढाच त्याचा पसारा. नाचणीचे सत्त्व, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आंबोळीचे पीठ, शेवग्याच्या पाल्याची पूड, कारळ्याची चटणी असे मोजके जिन्नस येथे मिळतात. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे आणि एका बाईच्या घरच्या धंद्याला त्यामुळे धक्का लागावा अशी माझी इच्छा नाही. तरीही हा अभिप्राय लिहावासा वाटला, कारण मूल जेवत नाही म्हणून हैराण झालेले आईबाप बेळगाव, खानापूर, निपाणीकडून अशा दुकानांत येत असतात आणि पाटीवरचे वाचून सर्वांत महाग पाकीट उचलून घरी जातात. मीही पहिल्या दिवशी तेच करणार होते.

आमची मुलगी तेव्हा दोन वर्षे आठ महिन्यांची होती. दीड वर्षापर्यंत ताटात पडेल ते खाणाऱ्या या मुलीने हळूहळू एकेक पदार्थ वगळत अखेर वरणभात, केळे, बिस्किटे आणि दूध एवढ्यावर आणून ठेवले होते. भातात कोथिंबिरीचे एक पान दिसले तरी ओठ मिटत. चुकून कांद्याचा तुकडा तोंडात गेलाच, तर बाकीचा घास गिळून तेवढा तुकडा जिभेच्या टोकावर आणून ती तो माझ्या तळहातावर ठेवत असे, आणि हे काम ती इतक्या सफाईने करी की रागावावे की कौतुक करावे हे समजत नसे. नको असलेला घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसणे, मोबाइलवर काही लावल्याखेरीज तोंड न उघडणे, हे सगळे आमच्याकडेही झाले. सासूबाई चंदगडच्या. त्यांच्या मते मी तिला भूक लागूच देत नव्हते. माझ्या आईच्या मते मी तिला पुरेसे भरवत नव्हते. आता मागे वळून पाहता सासूबाईंचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ होते, हे मान्य करायला हवे, जरी दुपारच्या चहात बुडवून बटर देणाऱ्याही त्याच होत्या.

दुकानात जाण्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही बालरोगतज्ज्ञांना भेटलो होतो, आणि ती भेट या अभिप्रायातून वगळता येणार नाही, कारण तिच्यामुळेच दुकानातल्या वस्तूंची पारख करता आली. मुलीचे वजन 12 किलो 200 ग्रॅम भरले आणि ते वाढीच्या तक्त्यावर तिच्या नेहमीच्याच रेषेवर होते. जन्माच्या वेळचे वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होते, पण त्यानंतर वर्षाला दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाला नकार देण्याचा स्वभावही जोर धरतो, असे डॉक्टरांनी समजावले. मग त्यांनी दूध किती पिते असे विचारले. चॉकलेटची पावडर घातलेले तीन मोठे पेले, म्हणजे जवळपास 750 मिलिलिटर, हे माझे उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 10.4 निघाले, या वयात ते 11 च्या खाली नसावे. गाईम्हशीच्या दुधात लोह अगदी कमी असते, त्याने पोट भरले की जेवण मागे पडते, लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते, आणि चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, असे हे चक्र होते. लोहाचे थेंब सुरू झाले, दूध दोन लहान पेल्यांवर आले, चहा-बटर बंद झाले. पावडरीचा डबाही गेला. 2024 साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितली होती, ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि तरीही डबा आणतच होते.

त्या पावडरीच्या जागी काहीतरी द्यावे, एवढ्या हेतूने मी या दुकानाची पायरी चढले. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की येथील सुकामेवायुक्त सत्त्वाने मुलांची भूक व वजन वाढते. मी तेच अर्धा किलो मागितले. दुकान चालवणाऱ्या बाईंना सारा बोळ अक्का म्हणतो, आणि त्यांनी डब्याला हात लावण्याआधी मला विचारले, ‘‘बाळ खातंय काय हे? आधी दिऊन बघितलासा?’’ नाही म्हटल्यावर त्यांनी साध्या सत्त्वाची 50 ग्रॅमची कागदी पुडी बांधून दिली आणि वर म्हणाल्या, ‘‘मागं पळू नगासा, वैनी. भूक लागली की ती येतीया की तुमच्याकडं.’’ कोणत्याही जिन्नसाची 50 ग्रॅमची पुडी देण्याची ही पद्धत मला या दुकानाचा सर्वांत मोठा गुण वाटते. न खाणाऱ्या मुलाच्या घरात अर्ध्या किलोची पाकिटे उघडून, एकदा ढवळून, फडताळात पडून राहतात आणि शेवटी कामवाल्या मावशींच्या पिशवीतून बाहेर जातात; पंधरा-वीस रुपयांच्या पुडीने ते नुकसान टळते. पाटीवर एक आणि तोंडाने दुसरे, ही विसंगती मात्र मला आजतागायत उलगडलेली नाही. पाटी मुलाने रंगवून घेतली, असे अक्का सांगतात.

आता मुख्य वस्तूकडे येते. ज्याला येथे सत्त्व म्हणतात ते जुन्या अर्थाने सत्त्व नाही. आमच्या आजीच्या वेळी भिजवलेली नाचणी पाण्यात वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा गाळ वाळवत आणि त्याला सत्त्व म्हणत. येथे जांबोटीकडची नाचणी रात्रभर भिजवून, कापडात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवतात, मंद भाजून मोड चोळून काढतात आणि दळून चाळतात. पीठ तांबूसच राहते. हा फरक सांगण्याचे कारण असे की नाचणीतला कॅल्शियम बराचसा तिच्या सालीकडच्या भागात असतो, त्यामुळे वस्त्रगाळ पांढऱ्याशुभ्र सत्त्वापेक्षा हे जरासे भरड, मातकट दिसणारे पीठच मला उजवे वाटते. मोड आणल्याचा दुसरा फायदा पातेल्यात दिसतो. साध्या नाचणीच्या पिठाची दोन चमचे घालून केलेली पेज घट्ट, चिकट होते आणि ती सैल करायला पाणी वाढवावे लागते. मोडामुळे स्टार्च मोडणारे विकर तयार होत असल्याने याच्या तेवढ्याच चमच्यांची पेज पातळ राहते, म्हणजे चार घोटच पिणाऱ्या मुलाच्या पोटात त्या चार घोटांतून जास्त अन्न जाते. मोडांमुळे लोहाला अडवणारे फायटेटही काही प्रमाणात कमी होते. शिजवताना पीठ आधी गार पाण्यात कालवून मगच आचेवर ठेवावे, नाहीतर गुठळ्या होतात, आणि अशा मुलासाठी एक गुठळी म्हणजे पुढचे आठ दिवस नकार.

या सत्त्वाचा हिशेबही मी घातला, कारण पाटीवरचा दावा डोक्यात होता. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतो. दोन चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम पिठातून पन्नासेक मिलिग्रॅम मिळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 500 मिलिग्रॅम सांगितला आहे. तेव्हा दिवसातून एकदा वाटीभर पेज हा चांगला पदार्थ आहे, औषध नव्हे. वजन वाढवण्याचा दावा तर मी सरळ बाजूला ठेवीन. पातळ पेजेने वजन वाढायचे असेल तर तिच्यात तूप किंवा दूध पडावे लागेल, आणि मग श्रेय त्या तुपाचे.

मुलीला ते आवडले का? पहिल्या दिवशी दूध-गूळ घालून केलेली पेज तिने वाटीसकट दूर सारली. दुसऱ्या दिवशी बोट बुडवून फ्रॉकला पुसले. नवा पदार्थ आठ ते पंधरा वेळा समोर आल्यावरच पुष्कळ मुले तो स्वीकारतात, हे मला डॉक्टरांकडून कळले होते, म्हणून मी वहीत रेघा मारत राहिले, आणि ही रेघ मारण्याची युक्ती मला धीर धरायला फार उपयोगी पडली. गोड पेज तिने शेवटपर्यंत घेतली नाही. नवव्या रेघेच्या सुमारास सासऱ्यांसाठी त्याच सत्त्वाची आंबील केली होती, ताक, मीठ, जिरे आणि ठेचलेला लसूण घालून, आणि ते ओसरीवर फुलपात्रातून पीत असताना ती त्यांच्या मांडीवर चढून फुलपात्रात नाक खुपसून बसली. तिला कोणी दिले नाही, कोणी विचारलेही नाही. तिने दोन घोट घेतले, ओठावरची पांढरी मिशी हाताने पुसली आणि निघून गेली. आज ती स्वतःच्या फुलपात्रातून आंबील पिते, पण लसणाचा कण दिसता कामा नये.

त्या महागड्या सुकामेवा सत्त्वाबद्दल माझे मत चांगले नाही. नंतर कुतूहलाने त्याचीही एक पुडी आणली. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि येथे नाचणीनंतर लगेच खडीसाखर आहे. बदाम व काजू त्यामागून येतात. किंमत साध्याच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय दळलेल्या बदाम-काजूचे तेल हवेशी लागून लवकर खवट होते, आणि माझी पुडी तिसऱ्याच आठवड्यात खवट लागू लागली. साधे सत्त्व घ्यावे, आणि हवाच असेल तर बदाम घरी आयत्या वेळी कुटून घालावा. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा बदाम किंवा शेंगदाणा देऊ नये, घशात अडकतो.

भाजणीसाठी मात्र मी या दुकानात पुन्हा पुन्हा जाईन. ज्वारी, तांदूळ, नाचणी, हरभरा डाळ, उडीद, गहू, धणे आणि जिरे इतकाच ऐवज, पण प्रत्येक धान्य वेगवेगळे भाजलेले असल्याने उडीद कच्चा राहत नाही आणि धणे जळत नाहीत. पीठ मध्यम भरड आहे, थालीपीठ थापताना कडा फुटत नाहीत. मुलीने ते का स्वीकारले हे मात्र चवीपेक्षा वेगळ्या गोष्टीवरून ठरले. मी ओल्या फडक्यावर थालीपीठ थापून तेल सोडण्यासाठी मधे भोके पाडत होते, तेव्हा तिने माझ्या हाताखालून बोट घातले आणि एक भोक पाडले. मग दुसरे. मी बाजूला झाले. तिने एका थालीपिठाला सतरा-अठरा भोके पाडली आणि ते चाळणीसारखे दिसू लागले. भाजून आल्यावर तिने स्वतःची भोके ओळखली, एकेका भोकात चमच्याने तूप सोडले, ते खालून ताटात गळते हे वाकून पाहिले आणि कड मोडून खाल्ली. पहिल्या दिवशी तेवढीच. आज ती लहान पुरीएवढे एक थालीपीठ पूर्ण संपवते, आणि कांदा अगदी बारीक चिरलेला असेल तर हरकत घेत नाही.

यानंतर मी एक चूक केली, जी वास्तविक दुकानाच्या खात्यावर घालता येणार नाही. शेवग्याच्या पाल्याची पूड लोहासाठी चांगली म्हणून, तिला न सांगता, मी भाजणीत एक चमचा मिसळली. हिरवी झाक दिसताच तिने थालीपीठ उलटेसुलटे केले, माझ्याकडे पाहिले आणि ताट सरकवले. पुढचे आठ दिवस साधे थालीपीठही तिने खाल्ले नाही. लपवून घातलेला पदार्थ सापडला की ज्याच्यात लपवला तोही हातचा जातो, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकले. पूड चांगली ताजी आणि हिरवीगार आहे, आमटीत आम्ही मोठी माणसे ती खातो. मुलांसाठी घेत असाल तर उघडपणे वेगळ्या वाटीत ठेवावी.

मेतकुटाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मऊ भात, तूप आणि चिमूटभर मेतकूट तिने पहिल्याच दिवशी खाल्ले, कारण तिच्या ओळखीच्या भातापासून ते दूर नव्हते. हळद जरा जास्त आहे. आंबोळीचे पीठ मला सामान्य वाटले, घरी भिजवून वाटलेल्याची जाळी त्याला पडत नाही. कारळ्याची चटणी उत्तम, पण तिखट; दोन दिवस आधी सांगितल्यास अक्का मुलांसाठी मिरची न घालता करून देतात, आणि तेलात कालवून भाकरीला लावलेली ती काळी चटणी आमच्या लेकीने चक्क मागून खाल्ली, ज्या मुलीला कोथिंबिरीचे पान चालत नव्हते. याला तर्क नाही.

तक्रारी अशा आहेत. श्रावणातल्या खेपेतील सत्त्वाला कुबट वास होता. बेळगावच्या पावसात मोड आलेली नाचणी वाळता वाळत नाही आणि आंबते, हे समजण्यासारखे आहे, पण मग त्या दिवसांत ते विकायला ठेवू नये. मी पाकीट परत नेले तेव्हा अक्कांनी नाकाशी धरले, काही न बोलता पैसे परत केले आणि डबाच आत नेला, हे त्यांच्या बाजूने नमूद करते. दुसरे, पाकिटावर बांधल्याची तारीख पेनाने लिहितात आणि ती घामाच्या हाताने पुसली जाते; किती दिवसांत संपवावे हे तर कोठेच नाही. लहान मुलांचा जिन्नस विकणाऱ्याने हे छापायलाच हवे. तिसरे, माहिती कन्नड व इंग्रजीत आहे. मला कन्नड वाचता येते, सासूबाईंना येत नाही, आणि सत्त्व शिजवणाऱ्या त्याच आहेत. अर्धे गिऱ्हाईक मराठी असताना दोन ओळी मराठीत घालायला काय हरकत आहे, हे मी अक्कांना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, ‘‘घालूया की.’’ त्याला चार महिने झाले.

दुकान सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ उघडे असते, पण भाजणी दुपारपर्यंत संपते. साध्या सत्त्वाचा पाव किलोचा भाव 80 रुपये आणि भाजणीचा 50. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या तयार पावडरीपुढे हे स्वस्त आहे, घरी करण्यापेक्षा अर्थातच महाग. आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावे आणि महिन्याभरात संपवावे.

ज्यांचे मूल चिवडत जेवते पण खेळते, वाढते, त्यांनी येथून 50 ग्रॅमच्या दोन पुड्या आणून पाहाव्यात. ज्यांच्या मुलाचे वजन घटते आहे, जे घासागणिक ठसकते, वारंवार ओकते किंवा एकेक करीत जवळपास सगळेच पदार्थ सोडत चालले आहे, त्यांनी शहापूरचा रस्ता धरण्याआधी दवाखान्याचा धरावा. अशा मुलांना सत्त्वाचा उपयोग नाही, आणि ‘भूक वाढवते’ ही पाटी वाचून त्यांचे दोन महिने फुकट जातील, हाच माझा त्या पाटीवरचा खरा राग आहे. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली एक विभागणी आता बालरोगतज्ज्ञ सगळीकडे सांगतात : काय, कधी आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आमच्या घरी ही विभागणी आठवड्यातून चार दिवस पाळली जाते. उरलेल्या तीन दिवसांत माझी आई आलेली असते.

गेल्या शनिवारी पाव किलो भाजणी आणायला मुलीला बरोबर नेले होते. अक्कांनी तिला कट्ट्यावर बसवून चिमूटभर भाजणी हातावर ठेवली, तिने चाटून पाहिली आणि ‘‘भोकं कुठं आहेत?’’ असे विचारले. सत्त्व मी आता दसऱ्यानंतर, ऊन पडू लागल्यावरच घेणार आहे.